तिरक्या खाचेचा पलंग

आमच्या समोरच्या घरातली मुलगी मार्च लागला की पुस्तक हातात घेऊन गच्चीत फेऱ्या मारायला लागते. ओठ हलत असतात, मधेच थांबते, बोटं मोडते, पुन्हा चालू. तिची आई स्वयंपाकघरातून ओरडते की एका जागी बसून वाच, असं भटकून डोक्यात काही राहत नाही. मला त्या माउलीला सांगावंसं वाटतं की बाई, चालू दे तिला. हिंडत-फिरत अभ्यास करायला मिळणं हे किती मोठं सुख आहे ते मला विचार. मी माझ्या सगळ्यात आवडत्या विषयाचा अभ्यास पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत केला आहे. वटवाघळानं तत्त्वज्ञान घेतलं असतं तर त्यानं जसा केला असता, तसा.

ते बहरीनचे दिवस. नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं. मनामाच्या माहूज भागात दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. प्रभाकर, माझा नवरा, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होता. सकाळी सातला जायचा आणि संध्याकाळी बाहीवर पेन्सिलीचे डाग घेऊन यायचा. मी बाहेरून एम.ए. करत होते, तत्त्वज्ञानात. चिपळूणला माहेरी ही बातमी पोचली तेव्हा आत्या म्हणाली होती, "लोक आखातात जाऊन सोनं आणतात, ही मेली तत्त्वज्ञान आणणार." नोट्स पोस्टानं यायच्या, सायक्लोस्टाइलच्या फिकट अक्षरांतल्या. एप्रिलमध्ये भारतात जायचं आणि पेपर द्यायचे असं ठरलं होतं. फॉर्म भरला होता, प्रभाकरची लीव्ह मंजूर झाली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळं फिसकटलं. मला सहावा महिना होता आणि ही तिसरी खेप होती. आधीची दोन गेली होती, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. पाचव्यात गेलेल्याचं मी नाव ठरवून ठेवलं होतं, म्हणून या वेळी मी कशाचंच काही ठरवत नव्हते. एका सकाळी रक्त दिसलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हिंदीत सांगितलं, "बेड रेस्ट. कम्प्लीट. पलंग की पैरवाली साइड ऊंची करो. बाथरूम छोड के उठना नहीं." मी विमानाचं विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं तोंडातच ठेवलं. आता डॉक्टर पायथा उंच करायला सांगत नाहीत म्हणे. तेव्हा सांगायचे, आणि आम्हाला तर कोणी छताला टांगून घ्या म्हटलं असतं तरी आम्ही घेतलं असतं.

प्रभाकरनं साइटवरून सिमेंटचे दोन ठोकळे आणले आणि पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली सरकवले. पलंग उतरता झाला. मी दिवसभर हळूहळू घसरत उशाकडे जायची आणि संध्याकाळी प्रभाकर येऊन मला पुन्हा पायथ्याकडे ओढायचा. कूस बदलली की पलंग करकरायचा, आणि प्रत्येक करकरीला मला वाटायचं की आता ठोकळा निसटला. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मी वाचत होते. पुस्तक दोन्ही हातांनी तोंडावर धरून. हात दुखले की पुस्तक छातीवर ठेवायचं आणि एक हात मागे नेऊन उशाकडच्या फळीवर बोटं फिरवत पडायचं. त्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात एक तिरकी खाच होती, बारीक, सरळ, कोपरा कापून जाणारी. डाव्या कोपऱ्यात तशी नव्हती. पलंग दुकानातून घेतला तेव्हा ती खाच बघूनच घेतला होता, काहीतरी वेगळं म्हणून.

खिडकी अजून उघडी ठेवता येण्याचे ते शेवटचे दिवस. कोपऱ्यावरच्या भट्टीतून सकाळी खुबूसच्या रोट्या भाजल्याचा वास यायचा. एसीच्या डब्यावर कबुतरं घुमायची. खाली मुलं चार भाषांत भांडायची आणि निवाडा मात्र अरबीत व्हायचा. मग दोन-तीन दिवस वायव्येचा वारा सुटायचा, आभाळ पिवळं व्हायचं आणि उघड्या वहीवर इतकी बारीक धूळ बसायची की बोटानं त्यावर अक्षर काढता यावं. मी कॅलेंडरकडे पाहायची नाही. दिवस मोजले की ते नाराज होतात अशी माझी त्या वेळी पक्की समजूत झाली होती. पानं मोजायची. आज बारा पानं झाली, म्हणजे आजचा दिवस गेला.

आणि काय पानं होती ती! अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक माणसं, समुद्राकाठची, आपल्यासारखीच उन्हानं पोळलेली, चौकात उभं राहून विचारतात: सुंदर म्हणजे काय? सुंदर मुलगी, सुंदर घोडी, सुंदर भांडं असं नको सांगूस, हे सगळं ज्यामुळे सुंदर होतं ते सांग. मी कितीदा तरी पुस्तक मिटून हसले असेन, निव्वळ कौतुकानं. आमच्याकडे कोणी असं विचारलं असतं तर त्याला चहा देऊन वाटेला लावलं असतं. त्यातल्या दोघांवर माझा फार जीव जडला, एक गुरू आणि एक त्याचा शिष्य. त्यांची खरी नावं प्रभाकरच्या जिभेवर कधी बसली नाहीत. त्यानं एकाला म्हातारा केलं आणि दुसऱ्याला चेला. घरात तीच नावं रुळली, इथंही तीच ठेवते.

म्हाताऱ्याचं पलंगाचं म्हणणं मी पलंगावर पडूनच वाचलं. तो म्हणतो, खरा पलंग एकच, देवानं केलेला, पलंगपणाचा पलंग. त्याच्यावर मन ठेवून सुतार लाकडाचा पलंग करतो, ती झाली नक्कल. सुताराचा पलंग बघून चित्रकार चित्र काढतो, ती नकलेची नक्कल. चित्रकाराला ना लाकूड कळतं ना सांधा. त्याला समोरून जेवढं दिसतं तेवढं तो रंगवतो आणि लोक वा वा करतात. म्हणून म्हाताऱ्यानं कल्पिलेल्या नगरीत चित्रकारांना मान नाही, आणि कवींना तर हद्दपारच केलंय. हे त्यानं इतक्या रसाळ संवादांत मांडलंय की पहिला हद्दपार तोच व्हायला हवा. मला राग यायचा आणि तरी मी तेच पान पुन्हा उघडायची. भांडावंसं वाटेल इतकं स्वच्छ बोलणारी माणसं आयुष्यात फार भेटत नाहीत.

मी वहीत मुद्देही काढत होते. ग्रीकांना प्रमाणबद्धता फार प्यारी, म्हणून एक प्रश्न लिहिला होता: समतोल मुद्दाम मोडला तर सौंदर्य वाढतं काय? खाली उदाहरण दिलं होतं, आमच्या पलंगाची तिरकी खाच. त्यावर दीड पान लिहिलं होतं. कलाकारानं डावा कोपरा मोकळा सोडून डोळ्याला कसं विश्रांतिस्थान दिलं आहे, वगैरे. स्वतःवर खूश होऊन प्रभाकरला वाचूनही दाखवलं होतं. तो म्हणाला, "छान आहे, पण पलंग करकरतोय त्याचं काय?"

त्या करकरीपायी दाऊदचाचा आमच्या घरात आला. हूरामधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात रत्नागिरीकडचे सुतार आहेत असं प्रभाकरला कळलं होतं. शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर एक पन्नाशीचा, शिडशिडीत, पांढऱ्या खुरट्या दाढीचा माणूस हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. खोलीत बाई आडवी पडलेली बघून तो उंबऱ्यावरच थांबला आणि माझ्याकडे न बघता पलंगाच्या खुरांकडे बघत म्हणाला, "काय गो बाय, कुठली तू?"

"चिपळूणची."

"म्हंजे आमच्या खाडीवरचीच की." त्याचा गाव दाभोळच्या खाडीच्या काठाला. तेवढं ऐकून तो आत आला. "सहावा का सातवा?"

"सातवा लागेल आता."

"इंशाल्ला," चाचा म्हणाला. वाकून त्यानं ठोकळे पाहिले, मान हलवली. मग उशाकडे आला आणि उभाच राहिला. अंगठा त्या तिरक्या खाचेत घातला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मला वाटलं, कारागीर कारागिराला दाद देतोय.

"ह्यो पलंग आमच्याच कारखान्यातला," तो म्हणाला. "ही खाच मी मारलीय. आनि ती चूक हाय."

मग त्यानं खाली बसून सगळं सांगितलं. अरबाबनं, म्हणजे त्याच्या मालकानं, परदेशातून एक चकचकीत कॅटलॉग मागवला होता. त्यातल्या एका पलंगाच्या फोटोवर खूण राहावी म्हणून अरबाबनं पानाचा कोपरा दुमडला. पुढे तो कोपरा सरळ केला, पान फाडून चाचाच्या हातात दिलं. दुमडीची रेघ नेमकी फोटोतल्या उशाच्या फळीवरून गेली होती. "मना वाटलं, डिझाईन हाय. पटाशी घेतली, मारली खाच. अरबाब आला, फोटो आनि पलंग शेजारी ठेवून बघितलं. बराबर. कुठं फरक नाय."

"मग?"

"मग काय, लोकांना आवडला. आमी करीतच गेलो. वर्सानं नवीन कॅटलॉग आला, त्यात तोच पलंग, नि खाच नाय. खलास. मी अरबाबला सांगितलं, अशी अशी चूक झाली. तो म्हनला, यल्ला, चालू ठेव, लोक खाच हाय का इचारतात."

मी हसायला लागले. पोटाला हात धरून हसले. हसणंही मला मना होतं, प्रभाकर घाबरून जवळ आला, पण मला थांबता येईना. बहरीनमध्ये कितीतरी घरांत माणसं उशाशी कागदाची सुरकुती घेऊन झोपत होती, आणि मी तीवर दीड पान लिहिलं होतं! म्हाताऱ्यानं हे पाहिलं असतं तर त्याला कोण आनंद झाला असता. त्याच्याकडे चित्रकार सुताराची नक्कल करतो. आमच्याकडे शिडीच उलटी लावलेली. सुतार फोटोची नक्कल करत होता, आणि फोटोला पडलेली घडीसुद्धा लाकडात उतरवत होता.

तेव्हा मी चाचाला तीन पलंगांचं म्हणणं सांगितलं. त्यानं ते कान देऊन ऐकलं. पहिला पलंग देवाचा, यावर म्हणाला, "त्यात त्यानं नवीन काय सांगितलं? बनवनारा एकच." दुसरा सुताराचा हे ऐकल्यावर मात्र त्याची पाठ ताठ झाली. "म्हंजे वर अल्ला आनि त्याच्याखाली आमी?"

"आणि चित्रकार तुमच्याखाली."

"पुन्ना सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्याच्या खोलीत पाट्या रंगवणारा एक मल्याळी रंगारी राहत होता आणि तो सुतारांना फार तोऱ्यात वागवायचा म्हणे. त्या शुक्रवारनंतर त्या बिचाऱ्याला रोज जेवताना तू तिसरा आहेस हे ऐकावं लागलं. त्यानं शेवटी चाचाशी बोलणं सोडलं, तेव्हा चाचा मला विचारायला आला की म्हाताऱ्यानं रंगाऱ्याविषयी काही बरं बोललेलं आहे का. मी चेल्याचं एक वाक्य शोधून दिलं की माणसाला नकलेत उपजतच आनंद असतो. त्यावर त्यांची दिलजमाई झाली.

पण मी पुढे गेले. त्या पहिल्या दिवशी उठताना चाचा म्हणाला, "बाय, ह्यो पलंग दुकानात दिसायला केलेला हाय. तुझ्यासाठी नाय केलेला. ह्याला मी ठोकून काय उपेग नाय. दुसरा करतो." आणि त्यानं मला विचारायला सुरुवात केली. कुठल्या कुशीवर जास्त असतेस? उठताना हात कशाला धरतेस? पानी कुठवर पोचतं हाताला? पुस्तक किती जड? मी सांगत होते, तो दोरीला गाठी मारत होता. माझ्या अंगाला दोरी लावणं शक्यच नव्हतं. प्रभाकरनं माझ्या शेजारी दोरी धरायची आणि चाचानं भिंतीकडे तोंड करून आकडा ऐकायचा, असं माप घेतलं.

मी थक्क होऊन बघत होते, कारण हेही म्हाताऱ्यानं लिहून ठेवलेलं होतं. बासरी चांगली की वाईट हे बासरी करणाऱ्याला ठाऊक नसतं, वाजवणाऱ्याला असतं, म्हणून करणाऱ्यानं त्याला विचारावं. वस्तू वापरतो त्याला तिचं ज्ञान, करतो त्याला विश्वास, आणि नुसतं चित्र काढतो त्याला दोन्ही नाही. चाचानं शाळा चौथीत सोडली होती. एकदा फोटोवर विसंबून तो फसला होता आणि त्या एका चुकीतून बरोबर तिथंच येऊन पोचला होता. मी ते त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. आधीच दुसऱ्या नंबरानं त्याची मान वर झाली होती.

तिसऱ्या शुक्रवारी पलंग आला. कारखान्यात उरलेलं सागवान अरबाबला विचारून घेतलेलं, सुट्टीच्या दिवशी बसून केलेलं. पायथ्याकडचे खूरच उंच केले होते, त्यामुळे ठोकळे गेले. खांद्यापाशी गादी अडवणारी एक गोल घासलेली पट्टी होती, त्यामुळे माझं घसरणं थांबलं. एकही खिळा नव्हता, लाकडात लाकूड बसवलेलं. कूस बदलली तरी आवाज नाही. उजव्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवायला जागा, डाव्या हाताशी पुस्तकाला तिरकी फळी. पॉलिश केलं नव्हतं. "वासानं तुला उलट्या व्हतील," तो म्हणाला. कोरीवकाम तर कुठंच नव्हतं. त्या पहिल्या दुपारी मी अडीच तास सलग झोपले, महिन्यात पहिल्यांदा.

ग्रीकांच्या एका वादात सोन्याची पळी आणि अंजिराच्या लाकडाची पळी येते. कडधान्याची आमटी ढवळायला कुठली सुंदर? लाकडाची. सोन्याची आमटीला चव देत नाही आणि मडकंही फोडील. हे विचारणारा, म्हाताऱ्याचा स्वतःचा गुरू, तेवढ्यावर थांबत नाही. जुळणं म्हणजेच सुंदर असणं की नुसतं सुंदर दिसणं, असं विचारून तो समोरच्याला पुढे ढकलतो. पण मी तेवढ्यावर थांबले होते. मनामाच्या सोन्याच्या बाजारात काचेमागे हारांच्या झालरी लटकत असायच्या, मी पुष्कळदा तिथं तोंड उघडं टाकून उभी राहिलेय. तरी बहरीनमध्ये पाहिलेली सगळ्यात सुंदर वस्तू कुठली असं कोणी विचारलं तर मी तो बिनपॉलिशचा पलंग सांगते. लोकांना वाटतं बाई थट्टा करतेय.

पुढे मी परीक्षा दिली, तीन वर्षांनी. चिपळूणला येऊन कॉलेजात शिकवलंही. दर मार्चमध्ये उजळणीला तीन पलंग आले की वर्गात मागच्या बाकावर खसखस पिकायची, आणि मी त्यांना कॅटलॉगची गोष्ट सांगायची. मग ती मुलं परीक्षेत नक्की लिहायची की प्राचीन ग्रीसमध्ये कॅटलॉग असत. असो. ग्रीकांकडे सुतारकी, वैद्यकी, शिल्प, कविता या सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, आणि त्या नावात करण्याची अक्कल अभिप्रेत होती. कलावंत वेगळ्या पंगतीला नि कारागीर वेगळ्या, ही सोय नंतरच्यांची. मला ती कधी पटली नाही, कारण मी एका दुपारी घरी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई आणि दाऊदचाचा यांना माझ्या पायथ्याच्या उंचीवरून हुज्जत घालताना ऐकलं होतं. त्या इंचांत बोलत होत्या, तो सुतारी सुतांत, आणि दोघांनाही एकमेकांचं कळत होतं.

पलंग झाल्यावरही चाचा शुक्रवारी यायचा. उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, "काय म्हंतो तुझा म्हातारा?" एकदा मी त्याला चेल्याकडचा एक दाखला सांगितला. पलंग जमिनीत पुरला आणि समजा त्याला कोंब फुटला, तर लाकूड उगवेल, पलंग उगवणार नाही. पलंगपण लाकडात नसतं, ते करणाऱ्याच्या मनातून येतं. चाचानं विचार केला. "काय उगवनार नाय. वाळवी लागंल." प्रभाकरला इतकं हसू आलं की त्याचा चहा सांडला. चाचा हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "पन मनातून येतं ते खरं हाय."

एकदा मी विचारलं, घरी मुलं किती. चार, तो म्हणाला. "चारांपैकी एकाच्याबी वखताला मी नव्हतो. पत्र यायचं, मुलगी झाली. पत्र येस्तवर ती दीड महिन्याची."

एप्रिल आला. एसी चालू झाले, खिडक्या बंद झाल्या. माझ्या नंबराचं हॉल तिकीट वडिलांनी चिपळूणहून पाठवलं होतं, ते मी चौथ्या पेपराच्या पानांत घालून ठेवलं होतं. त्या पेपराच्या दिवशी प्रभाकर कामावर गेला नाही. सकाळी त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तीन तास. मी सुपरवायझर." मी तिरक्या फळीवर कागद लावून आडवी पडून लिहायला लागले. शोकांतिकेविषयी लिहीत होते. चेला सांगतो की नाटकातलं दुःख बघताना आपल्याला करुणा येते, भीती वाटते, आणि त्यातूनच ती करुणा नि भीती निवळते, माणूस हलका होतो. ते वाक्य माझं अर्धं झालं होतं तेव्हा कंबरेतून कळ आली आणि पाय ओले झाले.

रक्त होतं. त्या क्षणी मला ना म्हातारा आठवला ना चेला. मी प्रभाकरला म्हणाले, "मला हेपण नाही मिळणार." त्यानं मला उचललं. हॉस्पिटलात त्यांनी मला नऊ दिवस ठेवलं. सलाइनची नळी, छताचे पांढरे चौकोन, शेजारच्या खाटेवरची बहरीनी म्हातारी सतत पुटपुटत जपमाळ ओढणारी. ती मधूनच माझ्याकडे बघून आभाळाकडे बोट दाखवायची. मला भीती वाटत होती, आणि ती कशानंही निवळत नव्हती. चेला नाटकाविषयी बोलत होता. माझं ते पोट होतं.

रक्त थांबलं. मला पुन्हा घरी आणलं, पुन्हा त्या पलंगावर. मी पुस्तकं बंद करून टाकली आणि पाचेक आठवडे नुसती पडून राहिले. चाचा दर शुक्रवारी येऊन दारातूनच बघून जायचा. काय म्हंतो म्हातारा, असं त्यानं त्या दिवसांत एकदाही विचारलं नाही.

मेच्या अखेरीस, वेळेच्या थोडी आधी, मला मुलगी झाली. इतकी लहान की प्रभाकरला तिला हातात घ्यायची भीती वाटायची. चेला म्हणतो, फार लहान प्राणी सुंदर असू शकत नाही, कारण डोळ्याला त्याचे अवयव वेगळे दिसत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मला खात्री झाली की चेला चुकला आहे. काचेच्या पेटीत तिची करंगळी मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होती. दहा दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं.

त्याच शुक्रवारी चाचा आला. खांद्यावर गोणपाटात बांधलेलं ओझं होतं. मुलगी माझ्या कुशीत झोपली होती. त्यानं लांबूनच तिच्याकडे पाहिलं, ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं, आणि जमिनीवर बसून गोणपाट सोडलं. आत सागवानाच्या फळ्या होत्या, घासून गुळगुळीत केलेल्या, चार लहान खूर, दोन कमानी. त्यानं एक फळी खुरात बसवली आणि लाकडी हातोडीनं हलके ठोकली. मग दुसरी. पाळणा होता तो.

आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत, करूनही ठेवत नाहीत. त्याच्या गावातही तेच. आणि एवढं लाकूड दहा दिवसांत कापून, घासून होत नाही, हे दोन महिने त्याच्या पलंगावर पडून मला कळायला लागलं होतं.

"चाचा, हे कधी केलंत?"

"केलं कुठं? आता करतोय." तो मान वर न करता म्हणाला. "तुकडे व्हते. तुकड्यांना कोन पाळना म्हनतं?"

"कधीपासून होते?"

"तू हास्पिटलात व्हतीस तवापासून."

मग जे विचारू नये ते विचारलं. "आणि ही आली नसती तर?"

प्रभाकरनं माझ्याकडे रागानं पाहिलं. असलं तोंडातून काढत नाहीत. चाचा मात्र रागावला नाही. हातातली फळी त्यानं उलटीसुलटी करून पाहिली.

"तर मेज झालं असतं," तो म्हणाला. "बैठं, लिवायचं. फळ्या दोन्हीला त्याच लागतात, मी मापं तशीच घेतली व्हती. तू काय रिकाम्या हातानं बसनार व्हतीस, बाय?"

मला रडू फुटलं. मुलीला हलू न देता रडायचा मी प्रयत्न करत होते, पण ते जमेना. चाचानं हातोडी खाली ठेवली, दाराकडे तोंड करून बसला, आणि माझं रडून होईपर्यंत त्यानं पुढचा सांधा ठोकला नाही.